फाइंडर घेताना आकडा नव्हे, कोन पाहा

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. आषाढी वारीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. उंचावरचे मंदिर, खालचे नदीपात्र आणि पालखीभोवतीची दाटी एकाच छायाचित्रात घ्यायची, तर रुंद कोनाची लेन्स हवी. १२० फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी मीडियम फॉरमॅट रेंजफाइंडर कॅमेरा या कामी फार गुणाचा आहे.

या कॅमेऱ्यात आरसा नसतो. त्यामुळे रुंद कोनाच्या लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ आणता येते आणि लेन्सची रचना जवळपास सममित ठेवता येते. म्हणूनच मंदिराचे खांब, पायऱ्या यांच्या सरळ रेषा सरळच उमटतात. मात्र आपण लेन्समधून पाहतच नाही. पाहतो ते शेजारच्या वेगळ्या खिडकीतून. १९९५ साली आलेल्या मामिया ७ कॅमेऱ्याच्या खिडकीत ६५, ८० आणि १५० मिलिमीटर लेन्सच्या चौकटी दिसतात. ४३, ५० आणि २१० मिलिमीटरसाठी कॅमेऱ्याच्या माथ्यावर, हॉट शूमध्ये, स्वतंत्र फाइंडर, म्हणजे दृश्य पाहण्याची वेगळी खिडकी, बसवावा लागतो.

मूळ फाइंडर मिळाला नाही, की ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याचा फाइंडर शोधला जातो. चित्राच्या कर्णाच्या हिशेबाने ४३ची लेन्स तिथल्या २१च्या बरोबरीची, म्हणून २१चा फाइंडर घेतला जातो. गफलत इथेच होते. मामियाच्या चित्राचे माप ५६ × ६९.५ मिलिमीटर आहे, तर ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राचे २४ × ३६. ४३ची लेन्स आडवा ७८ अंश आणि उभा ६६ अंश भाग टिपते. २१चा फाइंडर मात्र आडवा ८१ आणि उभा साडेएकोणसाठ अंश दाखवतो. म्हणजे फाइंडरमध्ये कापलेला कळस फिल्मवर येतो. पण कडेला दिसणारा वारकरी फिल्मवर येईलच असे नाही. असा फाइंडर वापरायचाच असेल, तर दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडावी.

दुसरी अडचण पॅरॅलॅक्सची, म्हणजे फाइंडर आणि लेन्स वेगवेगळ्या जागांवरून पाहत असल्याने पडणाऱ्या फरकाची. फाइंडर लेन्सच्या १० सेंटिमीटर वर आहे असे धरू. ४३च्या लेन्सला २० मीटरवर सुमारे २६ मीटर उंचीचे दृश्य दिसते. तिथे १० सेंटिमीटरने काही बिघडत नाही. पण १ मीटरवर दृश्याची उंची १.३ मीटरच असते आणि तेच १० सेंटिमीटर जवळपास आठ टक्के भरतात. जवळ उभ्या वीणेकऱ्याचा फेटा मग वरून कापला जातो. अशा वेळी कॅमेरा वर कलवू नये. उभ्या रेषा तिरक्या होतात. चौकट जुळवल्यावर कॅमेरा सरळ तेवढाच वर उचलावा. तिपाईवर हे सोपे जाते.

विकत घेण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. भिंतीवर ३.२ मीटर रुंद आणि २.६ मीटर उंच चौकट खडूने आखा. तिच्या मध्यासमोर, २ मीटरवर फाइंडर धरा. ४३च्या लेन्ससाठी तो योग्य असेल, तर त्याच्या कडा या चौकटीशी जुळतील. इतर लेन्ससाठी फिल्मच्या रुंदीला आणि उंचीला फोकल लेंग्थने भागून अंतराने गुणा. चौकटीचे माप मिळेल. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा. चारही कोपरे एकदम दिसत नसतील, तर तो फाइंडर तुमच्या कामाचा नाही. आत पाणसळीचा बुडबुडा असलेला फाइंडर मिळाला, तर त्यालाच पसंती द्या; मंदिराच्या भिंती उभ्या राखायला तो फार उपयोगी पडतो.

१२०च्या एका रोलवर ६ × ७ची दहाच चित्रे मिळतात आणि पालखी कोणासाठी थांबत नाही. म्हणून फाइंडरची ही पारख घरच्या भिंतीसमोरच करून घ्या आणि मगच कौंडण्यपूरची वाट धरा.