शनिवार तेली : कोकणातले बेने इस्रायल

अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या पट्ट्यात ज्यू कुटुंबे शतकानुशतके नांदली. स्वतःला ती 'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची लेकरे म्हणवतात. त्यांची घरची भाषा मराठी. समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले, ती जागा नवगावला आजही दाखवतात. ही घटना कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

या लोकांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. घाण्यावर तीळ आणि खोबरे पडे. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे, तो शनिवारी संध्याकाळपर्यंत. त्यामुळे गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. तेलाच्या जोडीला शेती आणि सुतारकामही असे. युरोपातल्या ज्यूंना हे सुख मिळाले नाही. जर्मन शहरांत कारागिरांच्या संघांची दारे त्यांना बंद होती आणि जमीन बाळगायला बहुतेक ठिकाणी मनाई होती, म्हणून सावकारी आणि फेरीचा व्यापार एवढेच हाती उरले. फ्रँकफर्टमध्ये तर 1462पासून त्यांना एका अरुंद गल्लीतच राहण्याची सक्ती झाली. कोकणात अशी भिंत कोणी घातली नाही. ज्या गावात घर, त्या गावाचे आडनाव कुटुंबाला मिळाले : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, राजपूरकर.

अनेक शतके या समाजाकडे ना प्रार्थनामंदिर होते, ना धर्मग्रंथ. सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला, ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. लग्ने लावणे आणि तंटे सोडवणे ही कामे समाजातलेच काजी करत. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू विधी शिकवले.

अठराव्या शतकात अनेक जण इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले आणि समाज मुंबईकडे सरकू लागला. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलेच एक अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्रायल प्रार्थनामंदिराला मशीद म्हणतात. मशीद बंदर हे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगतात. त्यानंतर कोकणातही मंदिरे उभी राहिली : रेवदंड्यात 1842, अलिबागच्या इस्रायल आळीत 1848, पनवेलला 1849, पेणला 1863, ठाण्यात 1879. आत मधोमध प्रार्थना म्हणणाऱ्या हजानचा उंच चौथरा असतो आणि एका भिंतीत चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट.

मंदिराबाहेरचा धर्म मात्र पूर्ण कोकणी वळणाचा आहे. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा शुभकार्यात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्मरण होते. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्याची श्रद्धा आहे आणि लोक तिथे नवस बोलायला जातात. लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र असतेच. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. मांस आणि दूध एकत्र चालत नसल्याने मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालतात. कोकणात त्याची वाण कधीच पडली नाही.

मिशनरी शाळांतून शिकलेल्या पिढीने मराठीत भरपूर लिहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादा या वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रूशेजारी मराठी आहे आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात रेखाटल्या आहेत. हरदासी थाटाची कीर्तनेही या समाजाने केली. त्यांत आख्यान असे मोझेसचे किंवा योसेफाचे. मुंबईत हाइम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये शाळा काढली आणि समाजाचा पहिला सविस्तर इतिहासही लिहिला. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तिथल्या धर्मगुरूंनी लग्नसंबंधांच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली. समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले आणि 1964 मध्ये सरकारने त्यांना पूर्ण समान मानले. लोद, अश्दोद, दिमोना या शहरांत आज मराठी ऐकू येते आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले आहे.

सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या मंदिरांत ते जमणे कठीण झाले आहे, म्हणून सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज समाजाची मोठी वस्ती ठाण्यात आहे आणि तिथल्या मंदिरात नियमित प्रार्थना होते.