समीकरण लिहा झपाझप!

यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकीच्या मुलांचा प्रोजेक्ट रिपोर्ट असो, की वणी-दारव्ह्याच्या सरांची प्रश्नपत्रिका. मजकूर भराभर टाइप होतो आणि समीकरण आलं की गाडी अडते. ती अडू नये म्हणून ही सात गुपितं.

१. वर्डमधली चोरवाट : आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट हजर! आत एक, तिरपी रेघ, दोन लिहून स्पेस द्या. अपूर्णांक आपोआप उभा मांडला जातो.

२. पाय असलेली आवृत्ती : आपल्याच पुस्तकाची छपाई पसंत पडली नाही, म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यावरच पुढे ‘लाटेक’ उभं राहिलं. टेकचा आवृत्ती क्रमांक ३.१४१५९२६५३ असा पायच्या किमतीकडे सरकतो. टेकमध्ये नवी चूक शोधणाऱ्याला बक्षीस ३२७.६८ डॉलर, म्हणजे सेंटमध्ये बरोबर दोनाचा पंधरावा घात!

३. आडवा आठ : लाटेक लिहायला व्हीएस कोड हा एडिटर मोफत आहे. त्यात ‘लाटेक वर्कशॉप’ हे एक्स्टेन्शन टाका. ॲट द रेट आणि ८ दाबून सुचवलेला पर्याय घेतला की अनंताची आज्ञा उमटते. आठ आडवा केला की अनंत, त्यामुळे पाठांतराची गरजच नाही. ८ ऐवजी तिरपी रेघ दाबली तर अपूर्णांक.

४. अकराचे सहा : लाटेकमध्ये ‘ए भागिले बी’ अपूर्णांकात लिहायला ११ अक्षरं लागतात. दोन तिरप्या रेघांचा स्निपेट, म्हणजे पूर्ण आज्ञा उमटवणारं लघुरूप, बनवला की टॅबसकट सहा कळांत काम फत्ते. बेल्जियमचा विद्यार्थी जिल कास्टेल विम एडिटरमध्ये असेच स्निपेट वापरून गणिताच्या तासाला फळ्याच्या वेगानं नोट्स टाइप करायचा.

५. भास्कराचार्यांची लघुरूपं : ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्यांना ‘या’, ‘का’, ‘नी’, वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’. थोडक्यात लिहायची ही युक्ती आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वीही होती!

६. मराठीही, गणितही : २००४ मध्ये आलेलं टेकचं भावंड ‘झीटेक’ युनिकोड देवनागरी थेट स्वीकारतं. ‘किंमत काढा’ आणि वर्गमूळ एकाच फाइलमध्ये सुखानं नांदतात.

७. नेट नसलं तरी चालतंय : लाटेक चालवणाऱ्या ‘टेक लाइव्ह’चा पूर्ण संच काही जीबींचा आहे. कॉलेजच्या नेटवर एकदाच उतरवून घ्या, मग गावी नेटशिवाय काम करा. लाटेकची फाइल म्हणजे साधा मजकूर, त्यामुळे ती जुन्या कॉम्प्युटरवरही चटकन उघडते. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा व्हीएस कोडचं ऑटोसेव्ह चालू ठेवाच.

सगळं एका दिवसात शिकायला जाऊ नका. सगळ्यात जास्त लागणारी पाच चिन्हं निवडा, त्यांचे स्निपेट आजच बनवा आणि शेजारच्या बाकावरच्या दोस्तालाही द्या. टायपिंगमध्ये वाचलेला वेळ गणित सोडवायला कामी येईल!