चष्मा फेकून देण्यापूर्वी
घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चष्मा घालवणारे व्यायाम’ तुम्हालाही आले असतील. हा माल मूळचा न्यूयॉर्कचा! तिथले नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० साली पुस्तकच काढलं: जवळचं-लांबचं बघताना डोळ्यातलं भिंग काही करत नाही, बाहेरचे स्नायू बुबुळाचा गोळा दाबतात, ते सैल सोडा, चष्मा सुटेल. मार्टिन गार्डनर यांनी १९५२मध्ये ‘इन द नेम ऑफ सायन्स’ या पुस्तकात या दाव्याची झकास चिरफाड केली. प्रत्यक्षात आकार बदलतं ते भिंगच. चाळिशीनंतर ते ताठरतं, म्हणून वाचायला चष्मा लागतो. तळव्यांनी डोळे झाकून बसलात तर काही बिघडत नाही. पण बेट्स सूर्याकडेही बघायला सांगत. त्याने डोळ्याचा पडदा भाजू शकतो, आणि पडद्याला वेदना नसल्याने ते कळतही नाही. ग्रुपवर निदान एवढं तरी लिहाच.