एका सर्व्हरच्या दोन जोड्या

सर्व्हरला चार नेटवर्क कार्डे बसवली म्हणजे तो चौपट सुरक्षित झाला, असे नव्हे. प्रत्येक कार्डाला वेगळा आयपी पत्ता असेल, तर एक तार निसटताच त्या पत्त्यावरचे काम थांबते. म्हणून लिनक्समध्ये ‘बॉण्डिंग’ची सोय आहे. अनेक कार्डे एकत्र बांधायची आणि संगणकाला ते एकच कार्ड आहे असे भासवायचे. कल्पना जुनी आहे. १९९४ साली ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा ‘बेओवुल्फ’ समूह उभारला. त्या वेळच्या मंद इथरनेटवर तोडगा म्हणून माहिती एकाहून अधिक तारांवर वाटून पाठवली जात असे.

चार कार्डांच्या दोन जोड्या केल्या, तर एक ग्राहकांच्या विनंत्यांसाठी आणि दुसरी बॅकअपसाठी राखता येते. नेमकी येथेच अनेकांची फसगत होते. मॉड्यूल सुरू करताना ‘मॅक्स-बॉण्ड्स’ २ दिले की जोड्या दोन होतात खऱ्या. पण सोबत दिलेली कार्यपद्धती दोघींनाही सारखीच लागू होते. पद्धती वेगळ्या हव्या असतील, तर प्रत्येक जोडी ‘आयपी’ या आज्ञेने किंवा ‘नेटवर्क मॅनेजर’मधून स्वतंत्रपणे निर्माण करावी. या आज्ञेने कार्ड जोडीत घेण्यापूर्वी ते बंद करावे लागते, आणि पत्ता द्यायचा तो जोडीला.

पद्धती एकूण सात आहेत. ग्राहकांच्या जोडीसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ उत्तम. त्यात एक कार्ड राबते, दुसरे वाट पाहते. दोन तारा दोन निरनिराळ्या स्विचना जोडता येतात. बॅकअपसाठी ‘८०२.३एडी’ घ्यावी, मात्र स्विचवरही तशी मांडणी हवी. शिवाय वेग दुप्पट होईल या भ्रमात राहू नये. एकच मोठी फाइल एका जोडणीवरून जात असेल, तर ती एकाच तारेने जाते.

दोन पोर्टांचे एकच कार्ड असेल, तर त्याचे दोन्ही पोर्ट एका जोडीत बांधणे हा निव्वळ आत्मघात. कार्ड जळाले की जोडीच संपली. ‘मिमॉन’ १०० ठेवल्यास दर १०० मिलिसेकंदांनी तार तपासली जाते, पण ती फक्त स्विचपर्यंतच. स्विचच्या पलीकडचा बिघाड ओळखायचा, तर ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’मध्ये एआरपी तपासणी वापरावी, ‘८०२.३एडी’मध्ये ती चालत नाही. मग रात्री, वर्दळ नसताना, एक तार उपसून पाहावी.