'नोटरी' म्हणजे वकील नव्हे

सणासुदीच्या दिवसांत आम्हांला अश्दोद, लोद, दिमोना आणि ठाण्याहून फोन येतात. 'शाना तोवा' होते, गुडघ्यांची चौकशी होते, आणि मग हळूच खरा विषय निघतो. "सर, मुलगी अमेरिकेची सिटिझन झाली. आता आम्हां दोघांना बोलावते आहे. तुम्ही तिथे बारा वर्षे आहात, तेवढे कागद भरून द्याल का?" आमचे उत्तर ठरलेले आहे. मराठीचे किंवा हिब्रूचे इंग्रजी करून देऊ, फॉर्म भरून देणार नाही. काहींना याचा राग येतो. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा मास्तर अमेरिकेत जाऊन शिष्ट झाला, असे एका गृहस्थांनी आमच्या मेहुण्यांना बोलूनही दाखवले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हा लेख लिहीत आहोत.

आपल्या लोकांची एक अडचण अशी की देश सोडण्याचा आपला पहिला अनुभव अलियाचा. सोखनूतच्या मुंबईच्या कचेरीत जाऊन बसलो, तिथल्या माणसाने विचारले, त्यानेच लिहिले, विमानात बसवले, उतरल्यावर हातात तेउदत ओले दिली आणि उलपानात पोहोचवले. १९५० च्या परतीच्या कायद्याने तो आपला हक्क होता. वकिलाचे तोंड पाहावे लागले नाही. (आपण ज्यू आहोत की नाही हा प्रश्न १९६२ साली रब्बीनूतने काढला आणि १९६४ पर्यंत आपल्या लोकांना त्यासाठी झगडावे लागले, ती गोष्ट निराळी.) अमेरिकेत तसे नाही. येथे सरकारी कचेरी तुमची बाजू घेत नाही, ती फक्त कागद तपासते. कागदात चूक असेल तर ती चूक तुमची.

दुसरी अडचण एका शब्दाची आहे. भारतात नोटरी होण्यासाठी साधारणपणे दहा वर्षे वकिली केलेली असावी लागते. इस्रायलमध्येही 'नोतर्योन' हा दहा वर्षांचा अनुभव असलेला वकीलच असतो. त्यामुळे मुंबईहून आलेला असो की अश्दोदहून, आपल्या माणसाच्या कानावर 'नोटरी' शब्द पडला की त्याला काळा कोट दिसतो. अमेरिकेतील नोटरी पब्लिक हा बहुतेक राज्यांत साधा माणूस असतो. बँकेतला कारकून, औषधाच्या दुकानातला नोकर, कोणीही. सही करणारा माणूस तोच आहे हे ओळखपत्रावरून पाहायचे आणि शिक्का मारायचा, एवढेच त्याचे काम. दक्षिण अमेरिकेतून येणारे लोकही या शब्दाने फसतात, कारण त्यांच्याकडेही 'नोतारियो' म्हणजे मोठा कायदेपंडित. न्यूयॉर्क राज्यात तर असले काम करणाऱ्याने 'मी वकील नाही' अशी पाटी दुकानात लावली पाहिजे, लेखी करार केला पाहिजे आणि तीन दिवसांत तो करार मोडण्याची मुभा गिऱ्हाइकाला दिली पाहिजे, असा कायदाच आहे.

आमच्या धाकट्या बहिणीने ज्याच्याकडून कागद भरून घेतले त्याच्या दुकानात पाटी होती, पण 'नोटरी, इमिग्रेशन, इन्कम टॅक्स, पासपोर्ट फोटो' अशी. बहीण विधवा. नात झाली म्हणून व्हिजिटर व्हिसावर इकडे आली, आणि काही महिन्यांनी मुलीने तिला इथेच ठेवून घ्यायचे ठरवले. मुलगी एकवीस वर्षांवरची व अमेरिकन नागरिक असेल तर आईसाठी रांग नसते, अर्ज लगेच करता येतो. काम सोपे होते. दुकानदार हिंदी बोलणारा, चहा पाजणारा. ताई ताई करीत त्याने तासाभरात सर्व फॉर्म भरले. तिने कोऱ्या पानांवर सह्या केल्या. पत्र हरवू नये म्हणून पत्त्याच्या जागी त्याने आपल्या दुकानाचा पत्ता घातला. आम्ही तेव्हा अश्दोदला गेलो होतो. आल्यावर तिने मोठ्या आनंदाने सांगितले की काम झाले, वकिलाच्या निम्म्या पैशांत.

इमिग्रेशन खात्याने पुढे आणखी पुरावे मागणारे पत्र पाठवले. शाळेच्या दाखल्यातील बाई आणि पासपोर्टातील बाई एकच आहेत हे दाखवा, असे त्यात होते. अशा पत्राला उत्तर देण्यास फार तर ८४ दिवस आणि टपालाचे थोडे वर, एवढी मुदत मिळते. पत्र दुकानात गेले. दुकानदाराने तोवर जागा सोडली होती. मुदत गेली, अर्ज नामंजूर झाला, आणि आम्हांला हे कळायला सात महिन्यांहून अधिक काळ लोटला. त्याच सुमारास आमचे थोरले भाऊ अश्दोदला वारले. बहिणीने बॅग भरायला घेतली. तेव्हा पहिल्यांदा आम्ही तिला खऱ्या वकिलाकडे नेले. त्या बाईंनी तारखा मोजल्या आणि सांगितले की अर्ज नामंजूर झाल्यापासून यांचे राहणे बेकायदा मोजले जाते. १८० दिवस उलटून गेले आहेत, आता देशाबाहेर पाऊल टाकले तर तीन वर्षे परत येता येणार नाही, आणि एक वर्ष उलटले असते तर दहा वर्षे. बहीण म्हणाली, "सात दिवसांच्या शिवाला जायचे, त्याला तीन वर्षे कशी?" आम्ही गेलो. ती इथेच मुलीच्या घरी जमिनीवर बसली.

आता प्रश्न असा की मदत घ्यायची कोणाकडून. अमेरिकेत इमिग्रेशनच्या कामात कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार मुख्यतः दोघांना आहे. एक, कोणत्याही राज्याची सनद असलेला वकील. हा केंद्र सरकारचा कायदा असल्याने टेक्सासची सनद असलेला वकील न्यूयॉर्कच्या माणसाचे काम करू शकतो. दुसरा, न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेत काम करणारा मान्यताप्राप्त प्रतिनिधी. तो वकील नसला तरी त्याला परवानगी असते आणि फी फार थोडी असते. आपल्या लोकांना 'हायस' हे नाव ठाऊक असेल. १८८१ साली रशियातून पळून आलेल्या ज्यूंसाठी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही संस्था आज सर्व धर्मांच्या निर्वासितांचे काम करते. कॅथलिक चॅरिटीजही धर्म विचारत नाहीत. वकिलाची सनद चालू आहे की नाही हे त्याच्या राज्याच्या बारच्या किंवा कोर्टाच्या यादीत फुकट पाहता येते, आणि मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी न्याय खाते प्रसिद्ध करते. नातवाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

खरा वकील कामाला हात घालतो तेव्हा जी-२८ नावाचा फॉर्म देतो. 'या माणसाच्या वतीने मी उभा आहे' असे त्यात लिहिलेले असते, आणि मग खात्याची पत्रे त्यालाही जातात. शिवाय प्रत्येक अर्जाच्या शेवटी, तो दुसऱ्या कोणी भरून दिला असेल तर त्याने आपले नाव, पत्ता आणि सही करायची जागा असते. बहिणीच्या अर्जात ती जागा कोरी होती. जो पैसे घेतो पण तिथे सही करत नाही, त्याच्यासमोरून उठून यावे.

आम्ही फॉर्म भरून देत नाही त्याचे कारणही येथेच आहे. सांगितलेले लिहून घेणे हे लेखनिकाचे काम. पण कोणता फॉर्म भरायचा, एखाद्या प्रश्नाला 'हो' लिहायचे की 'नाही', हे सांगू लागलो की ती वकिली झाली, आणि तो अधिकार आम्हांला नाही. भाषांतराला मात्र हरकत नसते. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने पूर्ण भाषांतर करावे आणि 'हे पूर्ण व बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात' असे खाली लिहून सही करावी. त्याला नोटरीचा शिक्का लागत नाही. त्या दुकानदाराने एका पानाच्या भाषांतरावर शिक्का मारण्याचे वेगळे पैसे घेतले होते.

बहिणीच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत फॉर्म काढलाच नाही. पाऊण तास प्रश्न विचारले. व्हिसावर आलात तेव्हा इथेच राहायचे मनात होते का? आजवर किती नावांनी ओळखल्या गेलात? या दुसऱ्या प्रश्नावर आम्हां दोघांना हसू आले. आपल्या लोकांची नावे हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्या पणजोबांच्या पिढीत अब्राहमचा अबाजी आणि सॅम्युएलचा समाजी होत असे. शाळेत नाव, वडिलांचे नाव आणि गावाचे आडनाव. लग्नानंतर दुसऱ्या गावाचे आडनाव. इस्रायलला गेल्यावर कारकुनाने हिब्रूत लिहिले, आणि पुढे पासपोर्टासाठी ते हिब्रू पुन्हा इंग्रजी अक्षरांत उतरले, तेव्हा रूबेनचा रऊवेन, जेकबचा याकोव्ह आणि बेंजामिनचा बिन्यामिन झाला. आपल्याला यात काही चमत्कारिक वाटत नाही, पण क्वीन्समधल्या अधिकाऱ्याला ही दोन माणसे वाटतात. अर्जात 'वापरलेली इतर नावे' असा सरळ प्रश्न असतो. दुकानदाराने तेथे काहीच लिहिले नव्हते.

जन्माच्या दाखल्याचेही तसेच. भारतात जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांची नोंदच नाही, आणि हे अमेरिकन सरकारला माहीत आहे. अशा वेळी नोंद नसल्याचे पत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे चालू शकतात. बहिणीचा दाखला माझगावच्या सर एली कदूरी शाळेचा होता, केतुबा आईच्या ट्रंकेत होती. प्रतिज्ञापत्र आम्ही केले. चारही नावे एका कागदावर मांडली आणि प्रत्येक नाव कोठून आले ते लिहिले.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या कागदावर जन्म अडतो काय? अडतो. १९२३ साली, १९ फेब्रुवारीला, येथील सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करीत आणि स्वतः १९१४ साली नागरिक झालेले. निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वे रद्द करायला घेतली, त्यांत पंडितांचेही होते. वैष्णोदास बगाई यांचे गेले, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडित मात्र लढले. १९१४ मध्ये कोर्टाने सर्व पाहून निकाल दिला, तेव्हा सरकारने अपील केले नाही, आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये अपील कोर्टाने तो मानला, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला, आणि सरकारने उरलेल्या हिंदी लोकांमागचा ससेमिरा सोडला. पुढे १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला, आणि १९६५ च्या कायद्याने वंशावरचे कोटेच गेले. या दोन्ही कायद्यांवर ज्यांचे नाव आहे ते इमॅन्युएल सेलर ब्रुकलिनचे ज्यू, आणि तेही वकीलच.

आजच्या कायद्यात एक गोष्ट आपल्या घरांना फार लागू आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. भावंडांसाठी किंवा नोकरीवरून ग्रीन कार्डाची रांग लागते ती पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थानावरून. म्हणजे पन्नास वर्षे इस्रायलचा नागरिक असलेला पण भायखळ्यात जन्मलेला माणूस भारताच्या रांगेत, आणि त्याची बीरशेव्यात जन्मलेली मुलगी इस्रायलच्या. भारताची रांग, विशेषतः नोकरीची, अनेक वर्षे लांब आहे. आमच्या एका भाचीचा नवरा ठाण्याचा, इंजिनियर. त्याला दोन ओळखीच्या माणसांनी सांगितले की तुझा नंबर म्हातारपणी लागेल. वकिलाने एकच विचारले, "बायकोचा जन्म कुठला?" ती अश्केलोनची. नवरा-बायको एकत्र येत असतील तर जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहता येते. फी दिलेल्या त्या अर्ध्या तासात कित्येक वर्षे वाचली.

प्रत्येकाने वकील केलाच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. ग्रीन कार्डाचे नूतनीकरण पुष्कळजण स्वतः करतात, फॉर्म सरकार फुकट देते. पण पूर्वी कधी अर्ज नामंजूर झाला असेल, मुदतीपेक्षा जास्त राहणे झाले असेल, पोलिसांत कधी नाव गेले असेल किंवा नावांचा घोळ असेल, तर आधी एकदा सल्ला घ्यावा. सरकारी फी वेगळी, वकिलाची वेगळी, हे लिहून घ्यावे. अर्ज पोहोचल्यावर पावती येते, तीवर तीन अक्षरे आणि दहा आकडे असा नंबर असतो. तो नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे अर्ज कुठवर आला हे घरबसल्या पाहता येते, कोणाच्या दुकानात जावे लागत नाही. पत्ता नेहमी स्वतःचा द्यावा.

बहिणीचा अर्ज वकीलबाईंनी नव्याने केला. नागरिकाची आई असल्याने आणि कायदेशीर व्हिसावर आत आलेली असल्याने, मुदतीपेक्षा जास्त राहूनही तिला इथूनच अर्ज करता आला. मुलाखतीला आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत तिला चारही नावे क्रमाने विचारली म्हणे, आणि तिने ती शाळेतल्या हजेरीसारखी म्हणून दाखवली. कार्ड टपालाने घरी आले. त्यानंतरच्या पहिल्या विमानाने ती अश्दोदला गेली आणि भावाच्या कबरीवर दगड ठेवून आली.