गोपनीय अहवाल आणि राजकारण

सरकारी नोकराच्या कामाची वर्षातून एकदा मोजदाद होते, हे आपण ऐकून असतो. पण ती कोण करतो, कोणत्या मापाने करतो आणि त्या कागदाचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुलगावच्या बाजारात वजनकाट्यावर शिक्का आहे की नाही हे आपण पाहतो. कचेरीतला हा काटाही तसाच पाहण्याजोगा आहे.

आपल्या राज्यापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे मूळ वसंतराव नाईक समितीत सापडते. तिच्या १९६१ च्या अहवालावरून त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पूर्वी जिल्ह्याचा अधिकारी वरच्या अधिकाऱ्यालाच काय तो जबाबदार असे. आता त्याच्या शेजारी लोकांनी निवडलेला अध्यक्ष येऊन बसला. मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे काम चांगले की वाईट, हे ठरवायचे कोणी? त्याच्या कामाविषयी अध्यक्षाने दरवर्षी आपले मत सरकारकडे पाठवावे, अशी व्यवस्था झाली. तोच अधिकारी आपल्या हाताखालच्या पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या अधिकाऱ्यांविषयी गोपनीय मत लिहितो.

यात राजकारण शिरले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याला मते मागायला गावोगाव हिंडावे लागते, त्याला शाळेचे छप्पर गळते की नाही हे साहेबांपेक्षा आधी कळते. परंतु तोच अध्यक्ष एखाद्या ठेक्यासाठी शब्द टाकतो, अधिकारी नियम दाखवतो, आणि मार्चअखेर अध्यक्षाच्या हाती लेखणी येते! अशा वेळी कागदावर “सहकार्याची वृत्ती कमी” असे चार शब्द उमटले, तर ते कामाचे माप की रागाचे, हे कोणी सांगावे? याच कायद्यात दुसराही मार्ग आहे. परिषदेने दोनतृतीयांश बहुमताने ठराव केला, तर सरकारला त्या अधिकाऱ्यास परत बोलवावे लागते. तो ठराव मात्र उघड सभेत होतो, आणि कोणी कोणत्या बाजूला हात वर केला हे जिल्ह्याला दिसते. मला हा कठोर मार्गच अधिक प्रामाणिक वाटतो.

लिफाफ्याच्या अंधाराला धक्का दिला तो सर्वोच्च न्यायालयाने, १२ मे २००८ रोजी, देव दत्त यांच्या खटल्यात. सीमा रस्ते विभागातील या अभियंत्याला एका वर्षी “चांगला” असा शेरा मिळाला होता. बढतीला “फार चांगला” हवा होता, म्हणून ती हुकली. आणि तो शेरा त्यांना कधी दाखवलाच नव्हता. बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा नोकराला कळवलाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. कित्येक वरिष्ठांच्या लेखणीची धार त्यामुळे बोथटही होते. रोज तोंड पाहायचे त्याला उणे लिहून वैर कोण घेणार? मग सगळेच “उत्कृष्ट” ठरतात आणि कागद निरुपयोगी होतो.

तेव्हा खरी बक्षिसी किंवा शिक्षा दुसऱ्या वाटेने येते. ती वाट बदलीची. २००५ च्या राज्याच्या कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत घालून दिली, पण मुदतीआधी बदलीची सोयही, कारणे नोंदवून, त्यातच ठेवली. वर्षभरात उचललेल्या अधिकाऱ्याचे मूल्यमापन कशाचे करायचे?

आणखी एक गमतीची गोष्ट पाहा. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. अध्यक्ष नाही, सभा नाही, ठराव नाही. २०२५ च्या आरंभी राज्य सरकारने कचेऱ्यांसाठी शंभर दिवसांची सुधारणा मोहीम काढली, बाहेरच्या संस्थेकडून गुण देवविले आणि १ मे रोजी निकाल जाहीर केला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारींचा निपटारा अशा गोष्टी त्यात आल्या. निकाल उघडपणे लागला, हे उत्तमच झाले. परंतु शंभर दिवस हे माप नव्या मंत्रिमंडळाच्या पंचांगातले. आपल्या देवळी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे वर्ष पेरणीपासून धरतात, आणि त्याच्या जिल्हा परिषदेत त्या काळात त्याच्या वतीने मत लिहायला कोणीच निवडून आलेले नव्हते.