लेखांक ९ : हाडातली खोदाई

१७३६ च्या सुमारास जॉन बेल्चियर नावाचा लंडनचा सर्जन एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस आलं. मांसाचा रंग नेहमीचाच होता, पण हाडं लाल होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. छापील कापडावरचा जास्तीचा रंग काढायला वापरलेला कोंडा डुकरांना खायला घालत, आणि त्या कोंड्यात मॅडरचा रंग उतरलेला असे. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली युरोपी वनस्पती. बेल्चियरने हे रॉयल सोसायटीला कळवलं. पुढे काही वर्षांतच फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोंसो याने जनावरांना काही दिवस मॅडर द्यायचं, काही दिवस बंद ठेवायचं, पुन्हा द्यायचं, असा प्रयोग केला. त्यांची हाडं कापली तेव्हा आत लाल आणि पांढरे थर एकाआड एक बसलेले दिसले. कारण हा रंग त्या त्या दिवसांत नव्याने बसणाऱ्या कॅल्शियमलाच धरतो, आधीपासून असलेल्या हाडाला फारसा लागत नाही.

गोष्ट आधी सांगितली, कारण हाडाची स्लाइड दिसायला जितकी देखणी, तितकीच फसवी असते.

ही स्लाइड करण्याची एक जुनी रीत म्हणजे हाड घासणं. वाळलेल्या हाडाची चकती करवतीने कापायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत दगडावर घासत राहायची. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला स्पॉटर म्हणून ही हमखास ठेवलेली असते आणि तो जवळजवळ फुकटचा मार्क असतो. कमी पॉवरखाली बघितलं, की एकात एक वर्तुळं आणि मधोमध एक भोक, अशा आकृत्या शेजारी शेजारी दाटलेल्या दिसतात. अशी प्रत्येक आकृती म्हणजे एक ऑस्टिऑन. त्याची रुंदी साधारण ०.२ मिलिमीटर. मधल्या भोकाला हॅवर्सची नलिका म्हणतात. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज डॉक्टरने १६९१ मध्ये हाडांवरच्या आपल्या पुस्तकात या नलिकांचं वर्णन केलं होतं. जिवंत माणसात तिच्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात.

आता पॉवर वाढवा. वर्तुळांच्या मधेमधे काळे लांबट ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्यातून चारी बाजूंना अतिशय बारीक रेषा निघालेल्या असतात. या पेशी नव्हेत. पेशी कधीच नाहीशा झाल्या. त्या राहत होत्या ती बिळं हवेने भरली आहेत आणि म्हणून काळी दिसतात.

गेल्या आठवड्यात आपण कूर्चा पाहिली. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तरी पेशी जगतात, कारण आजूबाजूच्या पाणीदार द्रव्यातून अन्न झिरपत येतं. हाडात ते शक्य नाही. हाडाच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. त्यातून काही झिरपत नाही. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. हाड आम्लात बुडवून ठेवलं तर खनिज विरघळतं आणि आकार तसाच राहूनही हाड रबरासारखं वाकतं. पायातलं बारीक लांब हाड तर असं मऊ झाल्यावर गाठ मारण्याइतकं लवचीक होतं. थोडक्यात, कडकपणा खनिजाचा आणि चिवटपणा कोलॅजनचा. त्या कडक खनिजात कोंडलेल्या पेशीला जगायचं तर शेजारणीपर्यंत हात पोचला पाहिजे. स्लाइडवरच्या बारीक रेषा म्हणजे तेच हात जाण्याचे बोगदे. रक्तातून येणारं अन्न या बोगद्यांमधून आणि पेशीकडून पेशीकडे पुढे सरकतं. ही वाहतूक फार लांबवर चालत नाही. ऑस्टिऑन फार जाड होत नाही, यामागचं एक कारण हेच.

हे सगळं पाहून हाड एकदा बांधून झालं की झालं, असं वाटतं. स्लाइडवर काळ दिसत नाही, म्हणून ती फसवी.

प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला सुमारे दहा टक्के भाग दर वर्षी नवा होतो. हे काम रस्त्याच्या कामासारखं चालतं. आधी खोदणारे येतात, मागून भरणारे. फरक इतकाच, की निरोगी हाडात भरणारे नक्की येतात. खोदणारी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्या कित्येक पेशी एकत्र होऊन ती बनते, म्हणून एकाच पेशीत अनेक केंद्रकं दिसतात. ती हाडाला कडेने घट्ट चिकटते, मधल्या बंद जागेत आम्ल सोडते आणि खनिज विरघळवते. मग उघडं पडलेलं कोलॅजन कॅथेप्सिन के नावाच्या विकराने तोडते. अशा पेशींची टोळी हाडात लांबट भुयार खणत पुढे जाते.

मागोमाग ऑस्टिओब्लास्ट भुयाराच्या भिंतीवर ओळीने बसतात आणि कोलॅजनचा थर घालू लागतात. खनिज त्यात मागाहून भरतं. वेग दिवसाला साधारण एक हजारांश मिलिमीटर. भुयार बाहेरून आत भरत येतं, त्यामुळे ऑस्टिऑनमधलं सर्वांत आतलं वर्तुळ सर्वांत नवं असतं. खोदाईला काही आठवडे पुरतात, भरायला तीनेक महिने तरी लागतात. भरता भरता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच्याच कामात गाडल्या जातात. त्याच पुढे ऑस्टिओसाइट होतात, काळ्या ठिपक्यांतल्या मूळ रहिवासी. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात आणि त्या काही दशकंसुद्धा जगतात.

हे कळल्यावर तीच स्लाइड पुन्हा बघा. गोल ऑस्टिऑनच्या मधल्या जागेत वर्तुळांचे तुटके तुकडे पडलेले दिसतात. नवं भुयार जाताना जुन्या ऑस्टिऑनचा जो भाग वाचला, तो हा. वय वाढतं तसे असे तुकडे वाढतात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एलिस कर्ली यांनी ऑस्टिऑन आणि त्यांचे तुकडे मोजून सांगाड्याच्या वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली.

भरण्याचा वेग मोजतात तो मात्र बेल्चियरच्याच वाटेने. मॅडरच्या जागी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक आलं. तेही नव्याने बसणाऱ्या कॅल्शियमला धरतं आणि अतिनील प्रकाशात पिवळसर चमकतं. ते काही दिवस द्यायचं, मध्ये खंड, पुन्हा काही दिवस, आणि मग कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढायचा. दोन पिवळ्या रेघांमधलं अंतर भागिले मधले दिवस, की वेग हाती. लहान मुलांना हे औषध द्यायचं टाळतात, कारण बनत्या दातांवर ते पिवळे डाग सोडतं. हाडातला डाग पुढच्या खोदाईत निघून जातो. दातात खोदाई नसल्याने तो जन्मभर राहतो.

यातली माझी आवडती हकिकत सुदानची. तिथल्या न्युबिया भागात इ.स. ३५० ते ५५० च्या काळातल्या माणसांची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली अशीच चमकली. १९८० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना तो पटला नाही. पुढच्या अभ्यासातून संशोधकांचा निष्कर्ष असा, की टेट्रासायक्लिन बनवणारे मातीतले जिवाणू त्या लोकांच्या बिअरमध्ये वाढत असावेत.

खोदाई कुठे करायची, हे ठरवण्यात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइटचा मोठा हात असतो. हाडावर पडणारा ताण त्यांना जाणवतो. बारीक तडा गेला, आसपासच्या पेशी मेल्या, की खोदणाऱ्यांना बोलावणं जातं. भरणाऱ्यांना लगाम घालणारं स्क्लेरोस्टिन हे प्रथिनही त्याच बनवतात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानेर कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच बनत नाही. त्यांची हाडं सहसा मोडत नाहीत, पण कवटीची हाडं इतकी जाडावतात की नसा दाबल्या जाऊन ऐकू येणं कमी होतं. त्यांच्या अभ्यासातूनच स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध निघालं आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

ऑस्टिओपोरोसिसची जास्त वापरली जाणारी औषधं मात्र खोदणाऱ्यांना आवरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खोदाई वाढते आणि भरणं मागे पडतं, तेव्हा ती चांगली उपयोगी पडतात. पण खोदाई फार वर्षं दाबून ठेवली, तर तडे गेलेलं जुनं हाडही तसंच राहतं. क्वचित काही रुग्णांत मांडीचं हाड किरकोळ धक्क्यानेही आडवं मोडतं, ते याच कारणाने असावं असं मानतात. म्हणून यांतल्या काही गोळ्या ठरावीक वर्षांनी डॉक्टर थांबवून बघतात. त्या हाडातच साठून राहत असल्याने बंद केल्यावरही त्यांचा परिणाम बराच काळ टिकतो. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचं तसं नाही. ते चुकलं तर दबलेली खोदाई दुप्पट जोराने सुरू होते आणि मणके मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून ते डॉक्टरांना न विचारता बंद करायचं नसतं.

खोदणाऱ्या पेशी जिथून निघतात, त्या लाल मज्जेकडे पुढच्या आठवड्यात वळू.